'लोकलहोस्ट' म्हणजे नेमके कुठे? कंटेनरांच्या जाळ्यातील चुकांचा इतिहास

#धागा #तंत्रज्ञानाचा_इतिहास

१/१९
एकाच यंत्रावर दोन प्रोग्राम चालू आहेत. एक संकेतस्थळाची पाने दाखवतो, दुसरा माहिती सांभाळतो. दोन्ही सुस्थितीत आहेत. तरीही पहिला प्रोग्राम पडद्यावर तक्रार लिहितो : '१२७.०.०.१, पोर्ट ५४३२, कनेक्शन रिफ्यूज्ड'. दार ठोठावले, पण नकार आला. या एका ओळीपुढे नवशिक्यांच्या रात्रीच्या रात्री जातात. वस्तुतः या ओळीतील प्रत्येक घटकाला स्वतःचा काळ आहे. पत्ता एका काळातला, नकार दुसऱ्या काळातला, आणि चूक तिसऱ्याच काळातली. आज हे काळ क्रमाने उलगडू. चूक शोधण्याची वाटही त्यातूनच सापडेल.

२/१९
आधी एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवू. समजा, एका इतिहास मंडळाने जुन्या नियतकालिकांची सूची महाजालावर आणली. लेखाचे शीर्षक, लेखक, अंक, पृष्ठ अशा हजारो नोंदी स्वयंसेवकांनी हाताने भरल्या. हे काम तीन कंटेनरांत विभागले. 'वेब' पाने दाखवतो, 'शोध' शब्द हुडकतो आणि 'डीबी'मध्ये पोस्टग्रेस हा डेटाबेस नोंदी सांभाळतो. कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारे सारे साहित्य एका स्वतंत्र कक्षात ठेवण्याची पद्धत. कक्ष वेगळे असल्याने एकाचे साहित्य दुसऱ्याच्या आड येत नाही. पण तिघे एकमेकांशी बोलले नाहीत, तर वाचकाला सूची दिसत नाही. आपला विषय आहे हे बोलणे.

३/१९
आता १९७० च्या दशकात जाऊ. अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावर मोजकीच यंत्रे होती. कोणत्या यंत्राचे नाव काय आणि पत्ता काय, याची एकच अधिकृत यादी होती : 'होस्ट्स डॉट टीएक्सटी' नावाची फाईल. ती कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती केंद्रात ठेवली जाई. त्या केंद्राचे नेतृत्व एलिझाबेथ 'जेक' फाइनलर यांच्याकडे होते. नवे यंत्र जोडले की केंद्राला कळवायचे. केंद्र यादी सुधारी आणि बाकीची यंत्रे तिची नवी प्रत उतरवून घेत. एक दप्तर, त्याच्या अनेक नकला, अशी ती व्यवस्था होती.

४/१९
जाळे वाढले तशी ही व्यवस्था वाकू लागली. यंत्रे दुप्पट झाली की यादीही दुप्पट होई आणि ती उतरवून घेणारेही दुप्पट होत. त्यामुळे वाटपाचा भार यंत्रसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढे. शिवाय नक्कल जुनी झाली की पत्ता चुके. तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी नवी रचना मांडली आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये तिचे पहिले दस्तऐवज प्रसिद्ध झाले. डीएनएस ती हीच. यादी सर्वांना वाटण्याऐवजी लागेल तेव्हा विचारायचे, आणि ज्याच्या ताब्यात ते नाव आहे त्यानेच उत्तर द्यायचे. हा प्रसंग लक्षात ठेवा. तीस वर्षांनी तो पुन्हा घडणार आहे.

५/१९
त्याच वर्षी, १ जानेवारी १९८३ रोजी, अर्पानेट जुनी नियमावली सोडून टीसीपी/आयपीवर आले. आणि डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीतील माइक मूस यांनी जाळ्यातील एका विचित्र बिघाडाचा माग काढण्यासाठी छोटासा प्रोग्राम लिहिला. पाणबुडीच्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याचे नाव ठेवले 'पिंग'. संदेश पाठवायचा, प्रतिध्वनी येतो का ते पाहायचे, इतकेच त्याचे काम. मात्र पिंगला उत्तर आले म्हणजे त्या पत्त्यावर यंत्र जागे आहे एवढेच सिद्ध होते. हवा तो प्रोग्राम तिथे चालू आहे, हे सिद्ध होत नाही. आजही अनेक जण या साक्षीचा अर्थ गरजेपेक्षा मोठा लावतात.

६/१९
जाळ्यातील बिघाडाचे प्रमुख साक्षीदार तीन. त्यांची जबानी वेगवेगळी असते.

'नाव सापडले नाही' : प्रवास सुरूच झाला नाही. नावाचा पत्ता कोणी सांगितला नाही.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' : पत्त्यापर्यंत पोचलो, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. १९८१ च्या टीसीपी नियमावलीनुसार असे यंत्र स्पष्ट नकार पाठवते.

'टाइमआउट' : काहीच उत्तर नाही. संदेश वाटेत हरवला, भलतीकडे गेला किंवा बहुधा एखाद्या फायरवॉलने गुपचूप टाकून दिला.

म्हणजे 'रिफ्यूज्ड' ही तुलनेने चांगली बातमी आहे. निदान कोणीतरी बोलले! 'सगळे बंद आहे' असे म्हणून तिन्ही जबान्या एकाच गाठोड्यात बांधणे ही पहिली चूक.

७/१९
आता त्या १२७.०.०.१ कडे वळू. १२७ ने सुरू होणारा सारा पत्त्यांचा पट्टा 'लूपबॅक'साठी, म्हणजे स्वतःशीच बोलण्यासाठी, राखून ठेवलेला आहे. १९८६ च्या अधिकृत क्रमांकांच्या दस्तऐवजात तशी नोंद आहे. या पत्त्यावर धाडलेला संदेश यंत्राबाहेर पडतच नाही. 'लोकलहोस्ट' हे त्याचे रूढ नाव. मराठीत आपण 'इथे' म्हणतो, तसाच हा शब्द. 'इथे' म्हणजे कुठे, हे बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरते. एका यंत्राचे एकच 'इथे' होते, तोवर हा भेद कोणाला जाणवला नाही.

८/१९
१९९० च्या दशकात वेगळीच टंचाई आली : पत्ते पुरेनात. त्यावर दोन उपाय निघाले. १९९४ मध्ये पत्ते बदलून पाठवण्याची 'नॅट' ही पद्धत मांडली गेली. फेब्रुवारी १९९६ च्या दस्तऐवजाने तीन पट्टे खासगी वापरासाठी खुले ठेवले : १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. कोणीही, कोणालाही न विचारता, आपल्या घरात वा कार्यालयात हे पत्ते वापरावेत. यातूनच एक दीर्घकालीन अडचण जन्मली. एकच पत्ता आता लाखो ठिकाणी लाखो वेगवेगळ्या यंत्रांचा असू शकतो. मधला पट्टा, १७२ चा, ध्यानात ठेवा.

९/१९
दुसरीकडे प्रोग्राम वेगळे ठेवण्याचा इतिहास चालू होता. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'सीएचरूट' आले. प्रोग्रामला फाईलींचा ठरावीक भागच दिसू लागला. २००० मध्ये फ्रीबीएसडीने 'जेल' आणले. लिनक्समध्ये २००८ च्या २.६.२४ या आवृत्तीपासून नेटवर्क नेमस्पेस येऊ लागले आणि २००९ पर्यंत बरेचसे पूर्ण झाले. एरिक बीडरमन हे त्यामागील एक प्रमुख नाव. नेटवर्क नेमस्पेस म्हणजे एकाच यंत्राच्या पोटात स्वतंत्र जाळे : त्याचे स्वतःचे पत्ते, स्वतःचे मार्ग, स्वतःची पोर्टे. आणि स्वतःचा लूपबॅकही!

१०/१९
इथे पहिल्या पोस्टमधील कोडे सुटते. 'वेब' कंटेनर जेव्हा १२७.०.०.१ म्हणतो, तेव्हा तो यंत्राकडे बोट दाखवत नाही, 'डीबी'कडेही नाही. तो स्वतःच्याच कक्षाकडे बोट दाखवतो. त्या कक्षात ५४३२ या पोर्टवर कोणीच बसलेले नाही, म्हणून नकार येतो. नकार खरा आहे, डेटाबेसही चालू आहे. चुकला आहे तो 'इथे' या शब्दाचा अर्थ. विकसकाच्या संगणकावर दोन्ही प्रोग्राम कंटेनरांविना एकत्र चालत होते, तेव्हा हीच ओळ अचूक होती. एका काळातील खरे वाक्य दुसऱ्या काळात तसेच नकलून आणले, म्हणून ते खोटे ठरले.

११/१९
मार्च २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी सुमारे पाच मिनिटांत डॉकर दाखवले. लिनक्समधील विखुरलेल्या सुविधा त्याने सामान्य विकसकाच्या हाती दिल्या. डॉकर यंत्राच्या आत एक आभासी पूल बांधतो, प्रत्येक कंटेनरला त्या पुलाशी जोडतो आणि त्याला १७२.१७ च्या पट्ट्यातला पत्ता देतो. पण हा पत्ता कायमचा नाही. कंटेनर नव्याने उभा राहिला की पत्ता बदलू शकतो. ज्यांनी सेटिंगमध्ये १७२.१७.०.३ असा पत्ता ठोकून बसवला, त्यांची व्यवस्था पुढच्या पुनरारंभापर्यंतच टिकली. पत्ते चंचल असल्याने स्थिर नावांची गरज पुन्हा उभी राहिली.

१२/१९
आणि डॉकरने प्रथम काय केले? 'लिंक' नावाची सोय आणली. जोडलेल्या कंटेनरचा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून कळवला जाई. पुढे तो कंटेनरच्या होस्ट्स फाईलमध्येही लिहिला जाऊ लागला. होय, तीच १९७० च्या दशकातील यादी, आता प्रत्येक कक्षाच्या भिंतीवर! दोषही जुनेच होते. समोरचा कंटेनर पुन्हा सुरू झाला तर व्हेरिएबलमधील पत्ता शिळा राही. ज्याला जोडायचे तो आधी अस्तित्वात हवा, म्हणून दोन कंटेनरांना परस्परांशी असे जोडणे जमत नसे. नक्कल जुनी होते, हा अर्पानेटचा धडा नव्या पिढीने स्वतःच्या अनुभवातून पुन्हा गिरवला.

१३/१९
इलाजही तोच निघाला. नोव्हेंबर २०१५ मध्ये डॉकर १.९ ने वापरकर्त्याला स्वतःची जाळी आखू दिली. फेब्रुवारी २०१६ मध्ये १.१० ने अंतर्गत डीएनएस दिले. कंटेनरने 'डीबी' हे नाव विचारावे, डॉकरने त्या क्षणीचा पत्ता सांगावा. १९७० च्या दशकापासून १९८३ पर्यंतचा प्रवास इथे तीन वर्षांत आटोपला. डॉकर कंपोज या साधनानेही प्रत्येक प्रकल्पासाठी आपोआप एक जाळे आखण्यास सुरुवात केली. त्यामुळे आपल्या उदाहरणात उपाय एका शब्दाचा आहे : १२७.०.०.१ च्या जागी 'डीबी'.

१४/१९
पण इतिहासात जुने थर सहसा पुसले जात नाहीत, नव्याखाली दबून राहतात. डॉकरचा मूळ पूल आजही आहे, आणि जुन्यांची मोडतोड होऊ नये म्हणून त्यावर नावे उलगडली जात नाहीत. जाळे न सांगता सुटा कंटेनर चालवला की तो त्या जुन्या पुलावर जातो आणि 'नाव सापडले नाही' म्हणतो. दोन कंपोज प्रकल्पांची जाळीही स्वतंत्र असतात. एकातील नाव दुसऱ्यात ओळखले जात नाही. म्हणून ही जबानी आली, तर शुद्धलेखन तपासल्यावर पहिला प्रश्न विचारावा : दोघे एकाच जाळ्यात आहेत का?

१५/१९
आणखी तीन नेहमीचे प्रसंग.

ऐकण्याची जागा : डेटाबेसच जर स्वतःच्या १२७.०.०.१ वर ऐकत असेल, तर तो शेजाऱ्याला नकार देतो. कंटेनरच्या आत त्याने ०.०.०.०, म्हणजे आपल्या सर्व पत्त्यांवर ऐकावे.

पोर्टांची जोडी : '५४३३:५४३२' यात डावे पोर्ट यंत्राचे, उजवे कंटेनरचे. बाहेरून येणाऱ्याने डावे वापरावे. 'वेब' मात्र आतल्या जाळ्यातूनच येतो, त्याला उजवे हवे.

वेळ : 'डीबी' सुरू झाला म्हणजे तयार झाला असे नव्हे. पहिल्या खेपेस पोस्टग्रेस आपले दप्तर मांडत असतो, तेवढ्यात 'वेब' दार ठोठावतो आणि नकार घेऊन कोसळतो. केवळ क्रम लावणे पुरेसे नाही. हेल्थचेक लावून तयारीची खात्री होईपर्यंत थांबावे, किंवा 'वेब'ने पुन्हा प्रयत्न करावा.

१६/१९
आणि तो १७२ चा पट्टा. डॉकर नवनव्या जाळ्यांसाठी १७२.१८, १७२.१९ असे पुढचे पत्ते घेत जातो. एखाद्या कार्यालयाने किंवा व्हीपीएनने १९९६ च्या त्याच मुभेनुसार तोच पट्टा आधीच घेतलेला असू शकतो. मग यंत्राला वाटते की कार्यालयाचा सर्व्हर आपल्याच पोटात आहे. संदेश बाहेर जातच नाही आणि हाती येतो 'टाइमआउट'. कंटेनरची सेटिंग्ज कितीही न्याहाळली तरी दोष दिसत नाही, कारण तो दोन जाळ्यांच्या सीमेवर आहे. यंत्राचा मार्गतक्ता पाहावा आणि डॉकरला दुसरा पट्टा नेमून द्यावा.

१७/१९
शोधाची पद्धत इतिहासाच्या विद्यार्थ्याला परकी वाटू नये.

एक, मूळ साधन वाचा. लॉगमधील ओळ जशीच्या तशी उतरवून घ्या. 'चालत नाही' हा सांगोवांगीचा पुरावा झाला.
दोन, वाक्य कोणाचे ते ठरवा : 'वेब'चे, 'डीबी'चे, की बाहेरच्या ब्राउझरचे?
तीन, तक्रार करणाऱ्या कंटेनरच्या आत जाऊन तिथूनच प्रश्न विचारा. तुमच्या टर्मिनलची साक्ष दुसऱ्या ठिकाणची आहे.
चार, क्रम पाळा : नावाचा पत्ता मिळतो का? त्या पत्त्याचे ते पोर्ट उघडते का? तिथला प्रोग्राम कोणत्या पत्त्यावर ऐकतो?
पाच, एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. चार बदल एकदम केले, तर काम सुरू होईलही, पण कारण कळणार नाही.

१८/१९
कारण न कळता मिळालेले यश कधी कधी महाग पडते. वैतागलेला माणूस 'डीबी'चे पोर्ट साऱ्या जगाला खुले करतो. यंत्रावर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल आहे, तेव्हा चिंता नाही, असे त्याला वाटते. परंतु डॉकर पोर्ट खुले करताना स्वतःचे नियम असे मांडतो, की ती वाहतूक त्या फायरवॉलला वळसा घालून आत येते. सूची सुरू होते, मंडळ आनंदते. डिसेंबर २०१६ ते जानेवारी २०१७ या काळात महाजालावर पासवर्डविना उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस हल्लेखोरांनी पुसले आणि जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली. ते सारे कंटेनरांत होते असे नव्हे, पण उघड्या दाराचा धोका तोच. आपल्या उदाहरणात तिथे स्वयंसेवकांनी हाताने भरलेल्या हजारो नोंदी आहेत. बाहेर खुले करायचे ते फक्त 'वेब'चे पोर्ट. 'डीबी' आणि 'शोध' आतल्या जाळ्यातच राहू द्यावेत, आणि बॅकअप वेगळ्या जागी ठेवावा.

१९/१९
'कनेक्शन रिफ्यूज्ड' ही ओळ त्रासदायक असली, तरी ती प्रामाणिक आहे. काहीतरी जुळत नाही, हे ती लगेच सांगते. साऱ्या जगाला उघडे पडलेले पोर्ट मात्र एकही ओळ लिहीत नाही. म्हणून पुढच्या वेळी ही ओळ दिसली, की तिला गप्प करण्याची घाई करू नका. आधी विचारा : हे कोण बोलत आहे, कुठून बोलत आहे, आणि त्याच्या 'इथे'चा अर्थ काय? तुमच्या प्रकल्पातील अशी एखादी हट्टी ओळ असेल, तर उत्तरात लिहा. पत्ते आणि पासवर्ड मात्र झाकून! तिचा काळ कोणता, ते मिळून शोधू.